बाहेरगावाहून घरचा डेस्कटॉप वापरायचाय, काय लावू?

पायवाट: मंडळी, पुढचे बरेच आठवडे बाहेरगावी असणार आहे. सोबत हलका लॅपटॉप नेतोय, पण कामाचं सॉफ्टवेअर आणि त्याचं लायसन्स घरच्या डेस्कटॉपवर आहे. विंडोज ११ होम, वायफायवर चालतो. घरी कुणीही नसेल. एकाने राउटरमध्ये ३३८९ पोर्ट उघडून ठेव म्हणून सांगितलंय, मला त्यातलं फारसं कळत नाही. नुसत्या फायली नकोत, आख्खा स्क्रीन समोर हवाय. फुकट आणि सुरक्षित असं काय आहे?

सरळसोट: क्रोम रिमोट डेस्कटॉप. गुगल अकाउंट, किमान सहा आकडी पिन, संपला विषय. राउटरला हात लावायची गरज नाही.

रात्रपाळी: सरळसोट यांना अनुमोदन, पण विषय तिथे संपत नाही.

आधी पोर्टचं बघू. ३३८९ हा विंडोजच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार. होम आवृत्तीत ती सोयच नाही. होमवरून दुसरीकडे जाता येतं, पण होमच्या मशिनवर बाहेरून येता येत नाही. म्हणजे तो पोर्ट उघडून तुमच्या हाती काहीच लागणार नाही. विंडोजची प्रो आवृत्ती असती तरी मी नकोच म्हटलं असतं. उघडा ३३८९ दिसला की बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) पासवर्ड ठोकत बसतात. २०१९ साली याच सेवेत ब्लूकीप नावाचं भोक सापडलं होतं, त्यात तर पासवर्डही लागत नव्हता. मायक्रोसॉफ्टने तेव्हा २०१४ लाच सपोर्ट संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा पॅच काढला, यावरून काय ते समजा.

प्रोग्रॅम कुठलाही घ्या, खरी भानगड मशिन जागं राहण्याची आहे. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप ‘नेव्हर’ करा. स्क्रीन बंद झाला तरी चालेल. मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मशिनची सेटिंग) जाऊन वीज गेल्यानंतर परत आली की काय करायचं ते बघा. ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ किंवा तत्सम नाव असतं. तिथे ‘पॉवर ऑन’ हवं. हे राहिलं, तर वीज पाच मिनिटं गेली तरी तुम्ही घरी परत येईपर्यंत कपाळाला हात. सुरू होताना बिटलॉकर (डिस्कला लावलेलं कुलूप) पिन मागत असेल, तर मशिन तिथेच अडून बसेल, तेही तपासा. आणि जमलं तर वायफाय सोडून लॅन केबल लावा.

पायवाट: वेक ऑन लॅन म्हणून वाचलं. त्याने झोपलेलं मशिन बाहेरून उठवता येईल ना?

रात्रपाळी: त्याचं पॅकेट घरातल्या घरात फिरतं. बाहेरून पाठवायचं, तर आत दुसरं काहीतरी जागं हवं: एखादं रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर), किंवा ही सोय असलेला राउटर. एवढ्यासाठी तो व्याप कशाला? चालूच ठेवा.

गाठोडं: माझं मत रस्टडेस्कला, तोही याच कामाचा प्रोग्रॅम. ओपन सोर्स आहे, हवं तर सर्व्हरही स्वतःचा टाकता येतो. फक्त पोर्टेबल चालवू नका, नीट इन्स्टॉल करा. नाहीतर अपडेटनंतर मशिन रीस्टार्ट होऊन लॉगिन स्क्रीनवर थांबलं की आत शिरता येत नाही. कायमचा पासवर्डही आधीच लावा. तो नसेल, तर घरी कुणीतरी स्क्रीनवरचा तात्पुरता पासवर्ड वाचून सांगावा लागतो किंवा ‘अ‍ॅक्सेप्ट’ दाबावं लागतं, आणि तुमच्याकडे कुणी नाही.

तिसरामजला: पुढेमागे प्रो घेतलंत, तर टेलस्केल (आपल्याच मशिनांना खासगी जाळ्यात जोडणारी सोय) आणि त्यावरून विंडोजचा रिमोट डेस्कटॉप. चित्र आणि टायपिंग या दोन्हींत हे बाकीच्यांपेक्षा सरस आहे, कुणी काहीही म्हणो. आतून वायरगार्ड हे व्हीपीएन आहे, पोर्ट उघडावा लागत नाही, इंटरनेट कंपनीने एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असला तरी चालतं. दोन गोष्टी मात्र अडवतात. टेलस्केलची की, म्हणजे मशिनची ओळख पटवणारी किल्ली, मुळात १८० दिवसांनी संपते. घरच्या मशिनपुरतं ते बंद करून ठेवा. दुसरं, विंडोज हॅलोचा पिन रिमोट डेस्कटॉपला चालत नाही, अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो. वर्षानुवर्षं पिन टाकणाऱ्यांना तो आठवत नसतो!

सरळसोट: माझ्याकडून एक पुरवणी. गुगलला दुहेरी पडताळणी लावाच, पण कोड फोनवर येत असेल आणि बाहेर सिम चाललं नाही, तर आपणच बाहेर. बॅकअप कोड कागदावर उतरवून पाकिटात ठेवा.

पायवाट: क्रोमवालं लावतोय. राउटरच हँग झाला तर? स्मार्ट प्लग घेऊ का?

गाठोडं: वायफायवरचा स्मार्ट प्लग आदेश घेणार त्याच बंद पडलेल्या राउटरवरून. त्यापेक्षा साधा, चकती फिरवायचा टायमर घ्या. पहाटे थोडा वेळ बंद, मग चालू. फक्त राउटरला, कॉम्प्युटरला नको.

रात्रपाळी: आणि चाचणी घरच्या वायफायवरून नको. लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटला जोडा, आत शिरा, तिथूनच मशिन रीस्टार्ट करा आणि कीबोर्डला हात न लावता परत आत शिरता येतंय का बघा. नंतर शट डाउन करून प्लग काढा, मिनिटभराने लावा. आपोआप उठलं पाहिजे.

पायवाट: दोन्ही चाचण्या केल्या, उठतंय. पण मॉनिटरची वायर काढून पाहिलं, तर लॅपटॉपवर स्क्रीन एवढासा दिसतो.

तिसरामजला: मॉनिटर नसला की काही ग्राफिक्स कार्डं असं करतात. मॉनिटर जोडलेला ठेवा, नाहीतर एचडीएमआयचा डमी प्लग मिळतो तो खोचा.

पायवाट: मॉनिटर राहू देतो मग. टायमर आणायला निघालो.