पेरुजातील इटालियन कुटुंबात राहताना जेवणाच्या टेबलावर कसे वागावे?

प्रश्न

नमस्कार. इटालियन भाषा शिकण्यासाठी मी सध्या उंब्रियातील पेरुजा येथे आले असून पुढचे पाच महिने एका स्थानिक कुटुंबातच माझी राहण्याची आणि दोन्ही वेळच्या जेवणाची सोय आहे. घरात नवरा-बायको, त्यांचा शाळकरी मुलगा आणि आजी असे चौघे जण आहेत. सगळे अतिशय प्रेमळ आहेत. परंतु गेल्या दहा दिवसांत माझ्याकडून टेबलावर ज्या चुका झाल्या, त्यांनी मी अस्वस्थ आहे.

पहिल्या रात्री पास्ता म्हणजेच पूर्ण जेवण असे समजून मी दुसऱ्यांदा वाढून घेतला आणि त्यानंतर मुख्य पदार्थ व भाजी आली, तेव्हा एक घासही खाण्याची सोय उरली नव्हती. ब्रेडसाठी वेगळी बशी नसल्याने मी तो पास्त्याच्या ताटलीत ठेवला, तर आजींनी काहीही न बोलता तो उचलून टेबलक्लॉथवर ठेवला. गेल्या गुरुवारी 'आ तावोला' (जेवायला या) अशी हाक आल्यावर हातातले लिखाण संपवून मी दहा मिनिटांनी पोहोचले. चौघेही वाढलेल्या ताटल्यांसमोर माझी वाट पाहत बसले होते, आणि आजींनी काट्याने पास्ता उचलला तेव्हा त्याचा एकसंध गोळा वर आला. कोणी मला एका शब्दानेही बोलले नाही, याचेच अधिक वाईट वाटले.

शिवाय मी शाकाहारी आहे. तसे मी सांगितलेही होते, तरीही एका सूपमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे निघाले. यजमानांचे मन न दुखावता नको कसे म्हणावे आणि कोणत्या गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात, हे तेथे राहिलेल्यांनी कृपया सांगावे.

पहिले उत्तर

ताई, मी बोलोन्यामध्ये एका कुटुंबासोबत दीड वर्ष राहिले आहे, त्यामुळे तुमची गुरुवारची संध्याकाळ मला डोळ्यांसमोर दिसली. सर्वांत आधी तिच्याविषयीच लिहिते, कारण ब्रेड कोठे ठेवावा यापेक्षा ती चूक मोठी आहे. पास्ता किंचित कणखर असतानाच पाण्यातून काढतात आणि तो स्वतःच्याच उष्णतेने शिजत राहतो, म्हणून पास्ता माणसाची वाट पाहत नाही, माणसांनी पास्त्याची वाट पाहायची, असे तेथे मानतात. घरातले कोणी बाहेर असेल तर त्याला फोन करून 'बूत्तो ला पास्ता?', म्हणजे पास्ता पाण्यात टाकू का, असे विचारतात. तो घराजवळ आल्याशिवाय टाकत नाहीत. 'आ तावोला' ही हाक आली की हातातले काम तसेच ठेवून उठावे. उशीर होणारच असेल तर आधी कळवावे आणि माझ्यासाठी थांबू नका, असे स्पष्ट सांगावे.

सर्वांना वाढून झाल्यावर आणि घरच्या बाईंनी हातात काटा घेतल्यावरच सुरुवात करावी. कोणी 'ब्वोन आपेतीतो', म्हणजे आनंदाने जेवा, असे म्हटले, तर 'ग्रात्सिये, आल्त्रेत्तांतो', म्हणजे आभार, तुम्हीही, असे उत्तर द्यावे.

जेवणाचा क्रम साधारणपणे असा असतो: आधी 'प्रीमो', म्हणजे पास्ता, भात किंवा सूप, नंतर 'सेकोंदो', म्हणजे मुख्य पदार्थ, आणि त्याच्या जोडीला 'कोंतोर्नो', म्हणजे भाजी किंवा सॅलड, शेवटी फळ आणि कॉफी. रोज सगळे असेलच असे नाही, म्हणून आज पुढे काय आहे हे आधीच विचारावे. या प्रश्नाचा त्यांना आनंदच होतो. वाढतानाच 'उन पोकीनो', थोडेसेच, असे म्हणावे, कारण ताटलीत टाकण्यापेक्षा कमी घेणे केव्हाही बरे. आपल्याकडे पहिल्यांदा नको म्हणायचे आणि आग्रह झाल्यावर घ्यायचे, ही रीत तेथे गोंधळ करते. आजी आग्रह करतीलच; परंतु हवे असेल तर पहिल्यांदाच हो म्हणावे आणि नको असेल तर 'सोनो आ पोस्तो कोझी, ग्रात्सिये', म्हणजे मला एवढे पुरे, आभार, असे हसून म्हणावे. पोट भरले याचा शब्दशः अनुवाद करू नये, तो कानाला जरा ओबडधोबड लागतो.

ब्रेडची जागा खरोखरच टेबलक्लॉथवर, ताटलीच्या डावीकडे असते. त्याचा घासापुरता तुकडा हाताने मोडून खावा, सुरीने कापू नये आणि पाव उलटा ठेवू नये, कारण जुन्या माणसांना तो अपशकुन वाटतो. उंब्रियातला ब्रेड अळणी असतो, ते कोणाचे विसरणे नव्हे. पोप तिसऱ्या पॉलने 1540 मध्ये मिठावर कर लादला, पेरुजाने त्याविरुद्ध बंड केले आणि तेव्हापासून आम्ही ब्रेडमध्ये मीठ घालत नाही, अशी कथा तेथील लोक अभिमानाने सांगतात. बंड इतिहासात नोंदलेले आहे. ब्रेडशी त्याचा संबंध मात्र लोककथेतला समजावा. काहीही असले तरी त्या ब्रेडवर मीठ भुरभुरू नये. उलट शेवटच्या तुकड्याने ताटलीतला सॉस पुसून खावा. याला 'स्कार्पेत्ता' म्हणतात आणि घरगुती जेवणात ती स्वयंपाक करणारीला मिळालेली पावतीच असते.

एक गोष्ट आपल्या लक्षातही येत नाही. उजव्या हाताने जेवताना डावा हात मांडीवर ठेवण्याची आपल्याला सवय असते. तेथे दोन्ही मनगटे टेबलाच्या कडेवर दिसतील अशी ठेवतात, कोपरे मात्र टेकवत नाहीत. स्पॅगेटी सुरीने कापू नये, चार-पाच काड्या घेऊन काटा ताटलीच्या कडेशी फिरवावा. पहिले काही दिवस सॉस कपड्यांवर उडेल, त्याची कोणी पर्वा करत नाही.

दुसरे उत्तर

मी स्वतः शाकाहारी असून सिएनामध्ये एका कुटुंबात राहिलो आहे, म्हणून केवळ त्याच मुद्द्यावर लिहितो. केवळ शाकाहारी आहे एवढे सांगणे पुरेसे होत नाही, कारण जुन्या पिढीच्या मनात 'कार्ने' (मांस) या शब्दाने मांसाचा मोठा तुकडाच उभा राहतो; सूपला चव यावी म्हणून टाकलेला पान्चेत्ता, म्हणजे डुकराचे खारवलेले मांस, त्यांच्या हिशेबी मसाल्यासारखा असतो. त्यात तुम्ही उंब्रियात आहात. तेथील नोर्चा या गावाचे डुकराच्या मांसाचे पदार्थ इतके नावाजलेले, की इटलीत अशा दुकानांना त्या गावावरूनच 'नोर्चिनेरीया' म्हणतात. त्यामुळे आजींनी ते तुकडे फसवणुकीने टाकले, असे मनात मुळीच आणू नका.

हे बोलणे टेबलावर करू नये. ताटलीतून तुकडे निवडून कडेला ठेवणे सर्वांसमोर फार बोचते. दुपारी स्वयंपाकघरात निवांत असताना 'नॉन मांजो ने कार्ने ने पेशे', म्हणजे मी मांसही खात नाही आणि मासेही नाही, असे सांगावे आणि हॅम, पान्चेत्ता, अँचोव्ही (छोटे खारवलेले मासे) व मांसाचा रस्सा यांची नावे एकेक करून घ्यावीत. चीजबद्दल तुमचा निर्णय आधी तुम्ही करावा, कारण पार्मिजानो रेज्जानो बनवताना वासराच्या जठरातून काढलेले रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, नियमानेच वापरतात. ते चालत नसेल तर किसलेले चीज वाढण्यापूर्वीच सांगावे.

नुसती नकारांची यादी देऊन थांबू नये, काय आवडेल तेही सांगावे. कास्तेलुच्चोची बारीक मसूर उंब्रियाचीच आहे. काबुली चण्यांचा पास्ता, भाजलेली वांगी, ऑलिव्ह तेलात परतलेल्या पालेभाज्या, हे सगळे त्यांच्या रोजच्या स्वयंपाकातलेच आहे. आपल्या प्रदेशाचा पदार्थ पाहुणीने मागून घेतला, की स्वयंपाक करणाऱ्याचा चेहरा उजळतो.

तिसरे उत्तर

वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, थोडीच भर घालते. जेवण झाले म्हणून लगेच उठू नये. फळे कापून गप्पा सुरू होतात तोच त्यांच्या दिवसाचा निवांत वेळ असतो, आणि उठावेच लागले तर 'पोस्सो आल्झार्मी?', म्हणजे मी उठू का, असे विचारावे. मोबाइल खोलीतच ठेवावा. जेवणानंतर कॅपुचिनो मागू नये, दुधाची कॉफी तेथे सकाळची मानतात. सगळे एकाच वेळी मोठ्याने बोलू लागले तर भांडण सुरू झाले असे समजू नये. तुमची भाषा सर्वांत वेगाने सुधारेल ती याच गोंगाटात. भांडी उचलायला मदत जरूर करावी.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपल्या सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. शनिवारी स्वयंपाकघरात मी आजींची गुरुवारबद्दल क्षमा मागितली आणि न चालणाऱ्या पदार्थांची यादी वाचून दाखवली. पान्चेत्ताचे नाव आल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला आणि सूपच्या वेळी मी का बोलले नाही म्हणून उलट मलाच रागावल्या. रविवारी मी मिठाईच्या दुकानातून लहान पेस्ट्री कागदात बांधून आणल्या. एक वाजता सुरू झालेले जेवण त्या संपेपर्यंत चार वाजेपर्यंत चालले. त्या दिवशी मसूर होती. सॉसेज घालण्याआधी आजींनी माझ्यापुरती मसूर लहान पातेल्यात वेगळी काढून वर झाकण ठेवले होते.

आता पाण्याला उकळी आली की मी हाकेची वाट न पाहता स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते. आजी भांड्यातून स्पॅगेटीची एक काडी काढून अर्धी मला देतात, अर्धी स्वतः खातात आणि किती मिनिटे राहिली, असे मला विचारतात. काल मी दोन म्हटले. त्यांनी मान हलवून लगेच गॅस बंद केला.