जुन्या बाजारात कमांडो खंजीर दिसलाय, गार्डवर ‘इंग्लंड’ ठोकलंय. युद्धातला की नंतरचा?

कोथरूडकर
नमस्कार मंडळी, रविवारी जुन्या बाजारात एका भंगारवाल्याकडे दुधारी खंजीर बघितला, काळी मूठ, मुठीवर गोल गोल कड्या, गार्डवर (मूठ आणि पात्याच्या मधली आडवी पट्टी) ‘इंग्लंड’ असा शिक्का, पात्यावर काहीच नाही. तो म्हणतो दुसऱ्या महायुद्धातला कमांडोंचा आहे, विल्किन्सनचा माल आहे. आमचे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, इटलीत लढले, त्यामुळे त्या काळातली एखादी वस्तू घरात असावी असं फार वाटतं, पण असेल तर अस्सलच पाहिजे. कोणी बनवलाय ते कसं ओळखायचं? थोडा गंज आहे, तो म्हणतो बफ मारून चकाचक करून देतो, करून घेऊ का?

खडकीवाला
बफ अजिबात मारू देऊ नका दादा! पात्याच्या धारेच्या रेषा, गार्डवरचे बारीक शिक्के, सगळं त्यात घासून जातं आणि मग ओळखायला काही उरतच नाही.

वर्णनावरून हा फेअरबेर्न-साइक्स खंजिराचा थर्ड पॅटर्न, म्हणजे तिसरा नमुना वाटतो. विल्यम फेअरबेर्न आणि एरिक साइक्स हे दोघं शांघायच्या म्युनिसिपल पोलिसातले, १९४० ला इंग्लंडमध्ये येऊन कमांडोंना हातघाईची लढाई शिकवायला लागले, आणि लंडनच्या विल्किन्सन स्वोर्ड कंपनीबरोबर बसून त्यांनी हा खंजीर ठरवला. १९४१ च्या सुरुवातीला पहिले नग तयार झाले. त्या फर्स्ट पॅटर्नचा गार्ड नागमोडी वळवलेला, पात्याच्या मुळाशी सपाट चौकोनी जागा आणि त्यावर अ‍ॅसिडने कोरलेलं नाव, फार देखणं काम आहे ते. पण हातकाम खूप आणि मागणी वाढत चाललेली, म्हणून सेकंड पॅटर्नला गार्ड सरळ केला, सपाट जागा काढून टाकली, मूठ मात्र लेथवर कातलेली पितळीच ठेवली, बारीक जाळीची, ओल्या हातातूनही न निसटणारी. मग पितळ युद्धाच्या बाकीच्या कामाला लागायला लागलं आणि १९४३ च्या सुमाराला ओतीव मिश्रधातूची कड्यांची मूठ आली. असे खंजीर शेफील्ड या इंग्लंडमधल्या सुऱ्या-पात्यांच्या शहरातल्या बऱ्याच कारखान्यांनी बनवले, म्हणून कड्यांची मूठ दिसली की विल्किन्सन असं होत नाही.

युद्धातल्या नगांवर बरेचदा कंपनीचं नावच नसतं, गार्डवर सरकारी बाणाचा शिक्का आणि तपासनिसाचा नंबर असतो, मुठीच्या वरच्या टोकाला साच्याचा आकडा असतो. ‘इंग्लंड’ हा शिक्का साधारण बाहेरदेशी विकायच्या मालावर मारायचे, म्हणजे तुमचा बहुतेक युद्धानंतरचा. वाईट नाही तो, शेफील्डचंच काम आहे, पण युद्धाची किंमत देऊ नका.

पेठेतला संग्राहक
खडकीवाल्यांशी सहमत, फक्त एक जोडतो. नाव सगळ्यात शेवटी वाचायचं, कारण खोटं करायला तेच सगळ्यात सोपं आहे. फर्स्ट पॅटर्नच्या नकला ढिगाने फिरतात, कोरलेलं नाव झकास असतं आणि बाकी सगळं चुकीचं. आधी मुठीच्या टोकाचा गोल नट बघा, पात्याची शेपटी मुठीतून आरपार जाऊन तिथे त्या नटाने आवळलेली असते, मग पात्याची मधली कणा-रेषा टोकापर्यंत बघा. हाताने घासलेल्या पात्यात दोन्ही बाजूंना किंचित फरक असतो, आणि मला तर तोच फरक बघायला आवडतं, त्यात कारागिराचा हात दिसतो.

आणि आजोबांसाठी घ्यायचं असेल तर माझं प्रामाणिक मत, कमांडो खंजिराच्या मागे न लागता ली-एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी रायफलीचं बायोनेट, म्हणजे संगीन शोधा. भारतीय पायदळाच्या हातात होतं ते हेच. १९०७ पॅटर्नचं पातं १७ इंची, मुळाशी मुकुट, राजाच्या नावाची आद्याक्षरं, महिना, वर्ष आणि बनवणाऱ्याचं नाव असतं, विल्किन्सन, सँडरसन, चॅपमन, मोल, व्हिकर्स असे बरेच कारखाने होते. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडे पातं आखूड केलं, त्यावर आर एफ आय दिसलं तर ते ईशापूर रायफल फॅक्टरीचं. बंगालमध्ये आपल्याच कामगारांनी बनवलेलं हत्यार, त्याचा इतिहास कुणी नीट लिहून ठेवायला पाहिजे खरं तर.

कोथरूडकर
खूप आभार दोघांचे! बायोनेटचं डोक्यातच नव्हतं. पण घरात ठेवायला लायसन लागतं का?

वकीलकाकू
घ्यायच्या आधी विचारलंत हे बरं केलंत. आर्म्स रूल्स २०१६ च्या यादीत खंजीर, बायोनेट, कुकरी यांची नावं आहेत, ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याची अटही आहे, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यात अशा शस्त्रांना कुठल्या भागात परवाना लागेल ते सरकार अधिसूचना काढून ठरवतं. म्हणून पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत वस्तूचा फोटो आणि माप घेऊन जा आणि उत्तर लेखी मागा. रस्त्यावर शस्त्र बाळगायला मनाई करणारे आदेश पोलीस वरचेवर काढतात, त्यामुळे विकत घेऊन तसंच गाडीच्या डिकीत टाकून फिरू नका.

खडकीवाला
आणि घेतलंत तर म्यानात ठेवू नका. चामड्यातल्या आम्लाने पितळेवर हिरवा थर चढतो आणि पात्याला खड्डे पडतात, आपल्या पावसाळ्यात तर लवकरच. म्यान वेगळं, पातं वेगळं, आणि पात्याला सुती फडक्याने शिलाई मशिनच्या तेलाचा पातळ हात. बाणाचा शिक्का आहे का ते भिंगाने बघा आणि गार्डचा फोटो इथे टाका, दोन्ही बाजूंचा.