मदत हवी आहे: आईची जुनी कंबरदुखी, एमआरआयचा रिपोर्ट आणि "टेन्शन घेऊ नका"

नमस्कार मंडळी,

आई ६१ वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली, आता बाबांसोबत सांगलीजवळ गावी असते. मी पुण्यात. पाण्याचं पिंप सरकवताना तिच्या कंबरेत चमक भरली, त्याला दोन वर्षं होऊन गेली. मध्ये उतार पडला होता, मग परत उलटलं ते कायमचंच. मधुमेह नाही, ताप नाही, वजन घटलेलं नाही, लघवी-संडासची तक्रार नाही. पायाला कधीमधी मुंग्या येतात, पण पायातली ताकद चांगली आहे असं डॉक्टरांनी तपासून सांगितलंय.

एमआरआयच्या रिपोर्टात एल४-एल५ला, म्हणजे कंबरेच्या खालच्या दोन मणक्यांमध्ये, डिस्क बल्ज (मधली चकती बाहेर फुगलेली) आणि झीज लिहून आली आणि तेव्हापासून घरात "मणक्यात गॅप आलाय" हे एकच पालुपद. पहिल्या डॉक्टरांनी पट्टा, ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) आणि प्रीगाबालिन ही चेतांच्या दुखण्यावरची गोळी दिली. शिवाय वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, वजन उचलायचं नाही. दुसऱ्यांनी ऑपरेशन सुचवलं. तिसऱ्यांनी फिल्म उजेडावर धरली, दोन मिनिटं पाहिली आणि म्हणाले, "यात एवढं दुखण्यासारखं काही नाही, टेन्शन घेऊ नका." आईला ते "तुम्ही सोंग करताय" असंच ऐकू आलं. घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही. आता चौथ्या डॉक्टरचं नाव काढलं तरी विषय बदलते.

हिंडणं-फिरणं जवळपास बंद आहे. खाली पडलेला चमचा पायाच्या बोटांत धरून वर घेते. पट्टा फक्त आंघोळीला निघतो. गोळीने दुपारपर्यंत झापड. आणि हीच आई भाचीच्या केळवणाला पाटावर बसून पुरणपोळ्या लाटत होती, बहिणींशी गप्पा मारत, चांगला दीड तास. कंबरेला हात लावला नाही. रात्री कळा आल्या तेव्हा बाबा म्हणाले, बघ, लाटल्याने दुखलं. मला प्रश्न पडला तो वेगळाच: मणका इतका बिघडलाय तर दीड तास गप्प कसा राहिला?

मग वाचत सुटलो. जेवढं कळलं तेवढं लिहितो, चुकत असेल तर जाणकारांनी कान धरावा.

२०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या स्कॅनचा. साठीच्या लोकांपैकी ८८ टक्क्यांच्या डिस्क झिजलेल्या, ६९ टक्क्यांना बल्ज! म्हणजे आईच्या वयाची, मजेत फिरणारी दहा माणसं मशीनमध्ये घातली तर सहा-सात जणांच्या रिपोर्टात आईच्याच ओळी निघतील. मग ऑपरेशन नेमकं कशाचं करायचं?

दुसरं म्हणजे, क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की इजेनंतर मज्जारज्जूतल्या चेतापेशीच जास्त संवेदनशील होतात. माणसात ही अवस्था इजा भरून आल्यावरही टिकू शकते, मग साध्या हालचालीचाही संदेश कळ म्हणून वर जातो. तीन महिन्यांपलीकडे टिकलेल्या अशा दुखण्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत, म्हणजे आयसीडी-११मध्ये, स्वतंत्र जागा आहे. ती यादी २०२२पासून लागू आहे.

तिसरं वाचून तर कपाळाला हात लावला. याच संघटनेने डिसेंबर २०२३मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पट्टा, ट्रॅक्शन, उपचाराचं अल्ट्रासाउंड, टेन्स (सौम्य विजेचं मशीन), अफूवर्गीय गोळ्या हे सरसकट देऊ नका असं म्हटलंय. व्यायाम, रुग्णाला नीट समजावणं, सीबीटीसारखे (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारे) उपचार यांच्या बाजूने शिफारस आहे. आमच्याकडे नेमकं उलटं चाललंय.

तर मदत हवी ती अशी. हे सगळं आईला सांगायचं कसं? "मेंदू", "मज्जासंस्था" म्हटलं की तिच्या कानात "वेड" असंच शिरतं. सांगली-मिरज-कोल्हापूर भागात या पद्धतीने काम करणारा फिजिओ कसा ओळखायचा? प्रीगाबालिनचं काय करावं? आणि अमेरिकेतला मामेभाऊ एका नव्या गोळीबद्दल सांगतोय, तिचा काही उपयोग?

पिंपळपान
आमच्या सासूबाईंना गावाकडच्या हाडवैद्यांनी एका झटक्यात बरं केलं. एकदा दाखवून बघा, खर्चही फार नाही.

धागाकर्ता
धन्यवाद, पण झटका नको. बाबांनी तो हट्ट केव्हाच धरून झालाय.

उभा_आडवा
मी फिजिओ आहे. तपासल्याशिवाय कुणाला उपचार सांगत नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

तुम्ही ताप, वजन, लघवी यांचं आधीच लिहिलंत ते बरं झालं. आपल्याकडे मणक्याचा टीबी विसरून चालत नाही. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं, झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर हे सगळं वाचन बाजूला ठेवून आधी तपासण्या. पायातली ताकद कमी होणं, जांघेत बधिरपणा किंवा लघवी अडणं असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

तसं काही नसेल तर ऑस्ट्रेलियातला रिस्टोर हा अभ्यास बघा, लॅन्सेटमध्ये २०२३ला आला. ४९२ रुग्ण, बारा आठवड्यांत जास्तीत जास्त सात भेटी आणि नंतर एक उजळणीची. फिजिओने रुग्णाची पूर्ण कहाणी ऐकायची, ज्या हालचालीची भीती बसलीय तीच त्याच्याकडून हळूहळू करून घ्यायची. वर्षभरानंतरही फरक टिकून होता. तुमच्या आईंच्या बाबतीत सुरुवात पोळ्या लाटण्यापासूनच करता येईल. दहा मिनिटं, घड्याळ लावून. दुखलं म्हणून थांबायचं नाही आणि बरं वाटतंय म्हणून दीड तास बसायचं नाही. वेळ दर आठवड्याला थोडी वाढवायची. पट्टाही तसाच, घरात असताना तासाभरासाठी काढण्यापासून.

फिजिओ शोधताना फोनवर विचारा की पहिल्या भेटीला किती वेळ देता आणि व्यायाम कोण करून घेतं. मशीन लावून पडदा ओढून घेणारे असतील तर पुढचा नंबर लावा. मोठ्या रुग्णालयांत भूलतज्ज्ञांचं पेन क्लिनिक असतं, तिथेही चौकशी करा.

कडू_गोळी
प्रीगाबालिन परस्पर बंद करू नका, अचानक सोडली की त्रास होतो. डॉक्टरांना सांगून टप्प्याटप्प्याने कमी करतात. मधुमेहाने किंवा नागिणीनंतर होणाऱ्या चेतादाहात तिचा उपयोग होतो, पण सायटिकाच्या (कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेच्या) २०९ रुग्णांवरची चाचणी २०१७मध्ये आली, तीत ती साखरेच्या, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा सरस ठरली नाही. गरगरणं मात्र जास्त.

मामेभाऊ म्हणतोय ती सुझेट्रिजिन असणार. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, पण ऑपरेशननंतरच्या वगैरे ताज्या दुखण्यासाठी. सायटिकावरच्या छोट्या चाचणीत औषधवाले आणि साखरेच्या गोळीवाले जवळपास सारखेच सुधारले. तिच्यामागची कहाणी मात्र भन्नाट आहे. उत्तर पाकिस्तानात एक मुलगा रस्त्यावर हातात सुरे खुपसून खेळ करायचा, त्याला वेदनाच नव्हती. तिथल्याच, तशीच वेदना न जाणवणाऱ्या माणसांच्या कुटुंबांच्या तपासणीतून २००६मध्ये एससीएन९ए या जनुकातला बिघाड सापडला आणि चेतापेशींतल्या, वेदनेचा संदेश पुढे नेणाऱ्या सोडियमच्या मार्गिका बंद करणाऱ्या औषधांच्या शोधाला जोर आला. सुझेट्रिजिन त्यातलीच भावंड मार्गिका अडवते.

सातच्या_आत
अमेरिकेत बोल्डरला १५१ जणांवर प्रयोग झाला होता ना? दुखणं धोक्याचं नाही हे फक्त बोलून-समजावून पटवलं आणि चार आठवड्यांत ६६ टक्के लोक जवळपास वेदनामुक्त. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत १० टक्केच. तेच करा की.

उभा_आडवा
अभ्यास चांगला आहे, पण एकाच ठिकाणचा, आणि बहुतेक जण शिकलेले, मध्यम दुखण्याचे. ६६ हा आकडा आईंना सांगून आशा लावू नका.

निवांत_कट्टा
मी स्वतः जुनी पेशंट, म्हणून समजावण्याबद्दल लिहिते. मेंदूचं नाव काढूच नका. मला फिजिओताईंनी सांगितलं होतं: वाड्यात एकदा चोर शिरला की दाराशी बांधलेलं कुत्रं पुढे महिनोन्महिने पानगळीवरही भुंकतं. भुंकणं खरं, चोर आता नाही. कुत्र्याला मारून उपयोग नाही, रोज माणसं ये-जा करताना दिसली की ते निवतं. हे ऐकून मला पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी माझं दुखणं मान्य केलंय.

आणि एक. तुम्ही सांगू नका. मुलाने सांगितलं की "हा दोन पानं वाचून आलाय" असं होतं. आधी "दुखतंय हे मला दिसतंय" एवढंच म्हणा, बाकीचं तपासणाऱ्याला बोलू द्या.

धागाकर्ता
मंडळी, खूप आभार. कुत्र्याची गोष्ट आईला लगेच पटेल, आमच्या मोत्याने तेच केलंय. मिरजेतल्या दोन फिजिओंना फोन केला. एकांनी पहिल्या भेटीला पाऊण तास देतो म्हणून सांगितलं, शुक्रवारची वेळ घेतलीय. ऑपरेशनचा विचार तूर्त थांबवलाय. गोळीचं पहिल्या डॉक्टरांशी बोलून इथे लिहितो. दहा मिनिटं लाटायचं ते पोळ्यांपासून की आधी पापडापासून, हे आईने विचारायला सांगितलंय.

उभा_आडवा
पोळ्या. पापडाला जोर लागतो.