शब्दचर्चा: डेव्हलपमेंट किटचे 'घटक' मराठीत कसे सांगावेत?

मूळ प्रश्न

मोबाइल ॲप करायला नव्याने शिकणाऱ्यांसाठी मराठीत एक मार्गदर्शिका लिहायला घेतली आहे. पहिलंच प्रकरण 'कोणती साधनं लागतात' याचं, आणि तिथेच गाडी अडली आहे. 'सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट किट' (एसडीके) यासाठी 'सॉफ्टवेअर विकास संच' चालेल का? त्यातल्या 'कंपोनंट्स'ना घटक म्हणावं की भाग? आणि 'इन्स्टॉल करणे' म्हणजे स्थापित करणे, बसवणे की टाकणे?

खरी पंचाईत पुढे आहे. अँड्रॉइड स्टुडिओ या ॲप लिहायच्या सॉफ्टवेअरच्या एसडीके मॅनेजरमध्ये एसडीके प्लॅटफॉर्म, प्लॅटफॉर्म-टूल्स, बिल्ड-टूल्स, कमांड-लाइन टूल्स अशी एकमेकांत मिसळणारी नावं दिसतात. मी त्यांना मंच, मंच-साधने, बांधणी-साधने आणि आज्ञा-ओळ साधने असं केलं. मसुदा ज्याला वाचायला दिला, त्याने 'मंच-साधने' घेतली आणि 'मंच' त्यातच आला असेल असं धरून पुढे गेला. अर्थात ॲप तयार झालं नाही. शब्द बदलू की मांडणी?

प्रतिसाद

आधी 'विकास'बद्दल. विकास ही स्थिती झाली: प्रदेशाचा विकास, मुलाचा विकास. आपण जे करतो ती क्रिया आहे, म्हणून 'विकसन' जास्त नेमका. 'विकसन संच' म्हटलं की काहीतरी घडवायची सामग्री डोळ्यांसमोर येते. 'संच' तर उत्तमच आहे. एकत्र वापरायच्या वस्तूंचा समूह हा अर्थ त्यात आधीच मुरलेला आहे.

प्रतिसाद

'विकसन संच' मान्य, पण एकदाच लिहा आणि पुढे 'एसडीके'च वापरा. कारण असे संच एकाहून जास्त आहेत. जावा डेव्हलपमेंट किट (जेडीके) वेगळा, नेटिव्ह डेव्हलपमेंट किट (एनडीके) वेगळा. तिन्हींना 'विकसन संच' म्हटलं तर 'विकसन संच सापडला नाही' या संदेशावरून वाचकाला काहीच कळणार नाही. प्रत्यक्षात हा गोंधळ नेहमी होतो: बिल्ड, म्हणजे कोडपासून ॲप तयार करायची क्रिया, अडतो जेडीकेपाशी आणि माणूस एसडीके पुन्हा पुन्हा उतरवत बसतो. ग्रेडल म्हणजे बिल्ड चालवणारं साधन; त्याच्या अँड्रॉइडसाठीच्या प्लगइनच्या ७व्या मालिकेला जेडीके ११ लागत होता, ८व्या मालिकेपासून १७ लागतो. स्टुडिओ स्वतःबरोबर जावा आणतो, त्यामुळे स्टुडिओत सगळं सुरळीत आणि टर्मिनलमध्ये मात्र जुना जावा सापडल्याने तक्रार, असंही होतं. तुमच्या प्रकरणात हे तिन्ही संच सुरुवातीलाच वेगवेगळे सांगा.

'नेटिव्ह'ला कृपा करून 'स्थानिक' म्हणू नका. स्थानिक म्हणजे लोकल. इथे अर्थ आहे प्रोसेसरच्या स्वतःच्या भाषेत उतरणारा, म्हणजे सी किंवा सी++मध्ये लिहिलेला कोड. तुमच्या ॲपमध्ये असा कोड नसेल तर एनडीके आणि त्याच्यासोबतचं सीमेक (अशा कोडच्या बांधणीचं साधन) घेऊच नका. असेल तर प्रकल्पात एनडीकेची नेमकी आवृत्ती लिहून ठेवा. वेगवेगळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी राहू शकतात, म्हणून जुनी काढायची घाई नको.

प्रतिसाद

शब्द बदलू की मांडणी, याचं माझं उत्तर: नावं जशी पडद्यावर आहेत तशीच देवनागरीत ठेवा आणि मराठीचं सगळं बळ त्यांचं काम सांगण्यात लावा. पॅकेजचं नाव हे विशेषनाम आहे. वाचकाला ते पडद्यावर शोधायचं असतं आणि काही बिघडलं तर संदेशातही तेच नाव येतं. 'मंच-साधने' कुठेच दिसणार नाहीत.

आता एकेकाचं काम.

एसडीके प्लॅटफॉर्म म्हणजे मंचही नाही आणि रेल्वेचा फलाटही नाही. अँड्रॉइडच्या एका ठरावीक आवृत्तीत कोणते क्लास आणि कोणती फंक्शनं आहेत, याचा तो दस्तऐवज आहे. त्यातल्या मुख्य जार फाइलमध्ये फंक्शनांची फक्त रूपं असतात. त्यांचा चालणारा कोड फोनवर असतो. तुम्ही लिहिलेलं या रूपांशी ताडून कंपाइल होतं. म्हणून प्लॅटफॉर्मला नेहमी आकडा असतो: ३४ म्हणजे अँड्रॉइड १४, ३५ म्हणजे अँड्रॉइड १५. तुमच्या मित्राकडे नेमका हाच नव्हता.

प्लॅटफॉर्म-टूल्सच्या नावात प्लॅटफॉर्म आहे, पण त्यात वर सांगितलेला प्लॅटफॉर्म अजिबात नाही. ही संगणकावरून फोनशी बोलायची साधनं: एडीबी आणि फास्टबूट. ॲप फोनवर चढवणं, लॉग वाचणं, फाइल आत-बाहेर नेणं ही कामं एडीबीची. यांची एकच ताजी आवृत्ती ठेवायची; ती जुन्या फोनांशीही जमवून घेते.

बिल्ड-टूल्स म्हणजे कोडपासून फोनवर चढेल अशी फाइल करताना लागणारी अवजारं. एएपीटी-२ चित्रं, मजकूर आणि मांडणीच्या फाइल्स आवळून त्यांना क्रमांक देतं. डी-८ जावाच्या बाइटकोडचं अँड्रॉइडच्या डेक्स रूपात रूपांतर करतं. झिप-अलाइन फाइलमधला मजकूर ठरावीक अंतरांवर नीट लावतं आणि एपीके-साइनर सही करतं. इथे 'बांधणी' हा शब्द मला मनापासून आवडतो, कारण खरोखर सुटं-सुटं एकत्र बांधलं जातं. शिकवताना 'बांधणीची अवजारं' म्हणाच. फक्त पॅकेजचं नाव म्हणून छापू नका. ग्रेडल प्लगइन आपल्याला हवी ती बिल्ड-टूल्सची आवृत्ती स्वतः ठरवतो, त्यामुळे प्रकल्पात ती हाताने लिहायची सहसा गरज पडत नाही.

कमांड-लाइन टूल्समध्ये एसडीकेमॅनेजर आणि एव्हीडीमॅनेजर येतात, म्हणजे बाकीची पॅकेजेस आणायची आणि एम्युलेटरची (संगणकावर चालणाऱ्या नकली फोनाची) उपकरणं तयार करायची साधनं. सगळं काम स्टुडिओतून करणाऱ्याला ती जाणवत नाहीत. बिल्ड सर्व्हरवर किंवा फ्लटरसारखी ॲप घडवायची चौकट वापरताना मात्र ती नसली की लगेच अडतं.

आणखी एक नाव तुमच्या यादीत राहिलं आहे: नुसतं 'एसडीके टूल्स'. हे जुनं, मोडीत काढलेलं पॅकेज. त्याची जागा कमांड-लाइन टूल्सने घेतली. या जुन्या पॅकेजमधला एसडीकेमॅनेजर नव्या जावावर चालत नाही, कारण तो जावाच्या ज्या भागावर अवलंबून होता तो नंतर जावातून काढला गेला. जुने लेख वाचून आलेले लोक हेच पॅकेज शोधतात. त्यात भर म्हणजे स्टुडिओच्या खिडकीत 'एसडीके टूल्स' नावाचा टॅबही आहे. टॅब वेगळा, पॅकेज वेगळं, हे एका वाक्यात लिहाच.

प्रतिसाद

'घटक' या शब्दावर माझा थोडा आक्षेप आहे. घटक म्हणजे ज्याच्यावाचून संपूर्ण वस्तू घडत नाही ते: घटक पक्ष, घटक द्रव्य. 'एसडीकेचे घटक' असं वाचलं की नवखा माणूस सगळ्या चौकोनांत खुणा करतो, कारण एकही सुटला तर संच अपुरा राहील असं त्याला वाटतं. एकेक सिस्टिम इमेज (एम्युलेटरवर चालवायची अँड्रॉइडची अख्खी प्रत) गिगाबाइटच्या घरात जाते आणि डिस्क भरते. 'पॅकेज' हा रुळलेला शब्द इथे बरा. हवं ते उचला, नको ते ठेवा, हा अर्थ त्यात येतो.

प्रश्नकर्त्याकडून

'पॅकेज' घेतो. आता दुसरा घोळ: प्रकल्पाच्या फाइलमध्ये कंपाइल एसडीके, टार्गेट एसडीके आणि मिन एसडीके असे तीन आकडे असतात. यांना संकलन, लक्ष्य आणि किमान म्हणू का? आणि समजा मिन २४ आणि टार्गेट ३५ असेल, तर २४ ते ३५ सगळे प्लॅटफॉर्म उतरवायचे का?

प्रतिसाद

नाही. उतरवायचा एकच, कंपाइल एसडीकेचा. हे प्रकरणात ठळक अक्षरांत छापण्यासारखं आहे, कारण मिन ते टार्गेट सगळे प्लॅटफॉर्म घेऊन बसलेले लोक खूप दिसतात.

तीन आकडे तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. कंपाइल एसडीके: कोणत्या आवृत्तीच्या रूपांशी ताडून कोड तयार करायचा? याला तुमच्या संगणकावर प्लॅटफॉर्म लागतो. मिन एसडीके: कोणत्या आवृत्तीपासूनच्या फोनांवर ॲप चढू द्यायचं? ही अट फोनासाठी आहे, संगणकाला तिच्यासाठी काही लागत नाही. 'किमान' इथे अगदी चपखल. टार्गेट एसडीके म्हणजे ॲपने फोनला दिलेली ग्वाही: या आवृत्तीपर्यंतचे वागण्याचे नियम मी पाळतो, ते मला लागू कर. उदाहरणार्थ, ३५ टार्गेट करणारं ॲप अँड्रॉइड १५च्या फोनवर पडद्याच्या कडेपासून कडेपर्यंत रंगवलं जातं. तेच ॲप ३४वर ठेवलं तर जुनी वागणूक मिळते.

म्हणूनच 'लक्ष्य' फसवतो. लक्ष्य म्हटलं की 'हे ॲप अँड्रॉइड १५च्या लोकांसाठी आहे' असा अर्थ निघतो, आणि तो चूक आहे. टार्गेट ३५ असलेलं ॲप अँड्रॉइड ७वरही चालतं, मिन २४ असेल तर. मी 'टार्गेट'च ठेवेन आणि शेजारी 'कोणत्या आवृत्तीचे नियम लागू' असं लिहीन. गुगल प्लेची अटही याच आकड्यावर आहे: ३१ ऑगस्ट २०२५पासून फोनांसाठीच्या नव्या ॲप्सना आणि अपडेट्सना किमान ३५ टार्गेट करणं सक्तीचं झालं. इतकं मात्र खरं की टार्गेट कंपाइलच्या पुढे ठेवू नये. ज्या आवृत्तीची रूपंच तुम्ही पाहिली नाहीत तिचे नियम पाळण्याची ग्वाही कशी देणार?

प्रतिसाद

'इन्स्टॉल'कडे कुणी वळलंच नाही. बोलण्यात आपण सगळे 'टाकतो': ॲप टाकलं, नवा एसडीके टाकला. बोलीत छान आहे, पण लिहिताना जपा, कारण 'जुनं पॅकेज टाका' याचा अर्थ आणा की फेका, दोन्ही लागतो. 'स्थापित करणे' व्याकरणाने बरोबर असलं तरी ते मूर्तीला आणि सरकारला शोभतं. 'बसवणे' हे यंत्राला शोभतं आणि इथे मला तेच योग्य वाटतं, कारण एसडीकेची पॅकेजेस म्हणजे शेवटी ठरलेल्या जागी ठेवलेले फोल्डर आहेत. प्लॅटफॉर्म्सच्या फोल्डरात आवृत्तीनिहाय एकेक फोल्डर, बिल्ड-टूल्समध्ये तसंच. जागा चुकली की बसलं नाही. कमांड-लाइन टूल्सचं नेहमीचं दुखणं हेच: झिप उलगडून आतला मजकूर थेट एसडीकेच्या मुळाशी ठेवला, तर एसडीकेमॅनेजरला मूळ कुठे आहे ते कळत नाही. 'सीएमडीलाइन-टूल्स'च्या आत 'लेटेस्ट' नावाचा फोल्डर आणि त्यात सगळं, अशी ती रचना हवी. मूळ फोल्डरचा पत्ता 'अँड्रॉइड होम' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रामांना वाचता येणाऱ्या संगणकावरच्या नोंदीत) ठेवावा. 'अँड्रॉइड एसडीके रूट' हे त्याचं दुसरं नाव आता मागे पडलं आहे.

प्रतिसाद

आयफोनच्या बाजूने एक सावधगिरी. तिथेही 'कमांड लाइन टूल्स' आहेत, आणि अर्थ निराळा. ॲपलच्या त्या छोट्या संचात क्लँग, गिट, मेक अशी साधनं आणि मॅकओएसचा एसडीके येतो. आयओएसचा एसडीके त्यात नसतो, त्यासाठी एक्सकोड हे ॲपलचं ॲप घडवायचं पूर्ण सॉफ्टवेअरच लागतं. दोन्ही असूनही संगणक छोट्या संचाकडे बघत असेल तर एक्सकोडबिल्ड ही बिल्डची आज्ञा चालायला नकार देते. तेव्हा एक्सकोड-सिलेक्ट या आज्ञेने रोख एक्सकोडकडे वळवायचा. एक्सकोड १५पासून आयओएस सिम्युलेटरची रनटाइमही वेगळी उतरवावी लागते.

'एम्युलेटर' आणि 'सिम्युलेटर' या दोघांना एकच 'आभासी फोन' म्हणू नका, अशीही विनंती. अँड्रॉइडचा एम्युलेटर क्यूईएमयू या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर उभा आहे आणि त्यात अख्खी सिस्टिम इमेज चालते, म्हणून तिची जात तुमच्या प्रोसेसरशी जुळवावी लागते: इंटेल किंवा एएमडीवर एक्स८६-६४, ॲपलच्या एम मालिकेवर एआरएम६४. ॲपलचा सिम्युलेटर यंत्राची नक्कल करत नाही. ॲप मॅकच्याच प्रोसेसरसाठी कंपाइल होऊन मॅकवर धावतं. म्हणून सिम्युलेटरवरचा वेग आणि मेमरीचा वापर पाहून खऱ्या फोनाचा अंदाज बांधू नये.

प्रश्नकर्त्याकडून

पुष्कळ उलगडलं, मनापासून आभार. शेवटचं एक: 'लायसन्सेस ॲक्सेप्ट करा' याचं 'परवाने स्वीकारा' केलं आहे. काहीतरी खटकतंय.

प्रतिसाद

खटकणारच. परवाना कुणीतरी आपल्याला देतो. स्वीकारायचा असतो तो करार. 'परवान्याच्या अटी मान्य करा' असं लिहा. तिथेच हेही सांगा की मान्यतेची नोंद एसडीकेच्या 'लायसन्सेस' फोल्डरमध्ये छोट्या फाइलींच्या रूपात राहते. अटी मान्य असतील तर ग्रेडल लागणारा प्लॅटफॉर्म आणि बिल्ड-टूल्स बिल्डच्या वेळी स्वतःच उतरवून घेतो. नसतील तर त्या पॅकेजचं नाव सांगून थांबतो. ज्या सर्व्हरवर 'हो' म्हणायला माणूस बसलेला नसतो, तिथे हा फोल्डर आपल्या संगणकावरून नेऊन ठेवला की काम होतं.