मदत हवी आहे: ६.५ क्रीडमूरचा ‘बेस्ट लोड’ दर वेळी जागा का बदलतो?

टेक्सासचा_तात्या

नमस्कार मंडळी. इथे रायफलवाले किती आहेत ठाऊक नाही. इंग्रजी फोरमवर विचारलं की दहा जणांची दहा मतं पडतात आणि शेवटी मूळ प्रश्न बाजूला राहून भांडण उरतं, म्हणून मराठीत विचारून बघतोय. (६.५ क्रीडमूर हे माझ्या रायफलीचं काडतूस, आणि ‘लोड’ म्हणजे त्यात भरायच्या पावडर-बुलेटचा ठरवलेला मेळ.)

मी टेक्सासात असतो. इथे स्वतःच्या वापरासाठी घरी काडतुसं भरायला कायद्याची आडकाठी नाही, लांब पल्ल्याच्या नेमबाजीतले बरेच जण भरतात. (भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. तेव्हा तिकडच्यांनी फक्त वाचायचं!)

बोल्ट अ‍ॅक्शन रायफल, २४ इंची नळी, ट्विस्ट १:८ (नळीतल्या पेचाचा एक फेरा ८ इंचांत). बुलेट हॉर्नडीची १४० ग्रेन (ग्रेन हे वजनाचं माप) ईएलडी मॅच, पावडर एच४३५०, ब्रास (काडतुसाची पितळी केस) लापुआची, स्मॉल रायफल प्राइमरवाली (प्राइमर म्हणजे पावडर पेटवणारी टोपी). बुलेट रायफलिंगच्या (नळीतल्या पेचाच्या) ०.०२० इंच अलीकडे बसवतो. वेग गार्मिनच्या छोट्या रडारवर मोजतो. पावडर किती भरतो ते मुद्दाम लिहीत नाही. एका रायफलीत चालतं ते दुसरीत जास्त होऊ शकतं, आणि पावडर कंपनीचा तक्ता त्यासाठीच असतो.

आता अडचण. उन्हाळ्याआधी लॅडर केली, म्हणजे पावडर पायरीपायरीने वाढवत मारून पाहिलं. ०.३ ग्रेनच्या पायऱ्या, प्रत्येक पायरीवर तीन गोळ्या, १०० यार्ड. चौथ्या-पाचव्या पायरीला वेग जवळजवळ सारखा आला, म्हणजे सगळे ज्याला ‘नोड’ म्हणतात ते, आणि ग्रुपही (गोळ्यांच्या छिद्रांचा पसारा) अर्ध्या एमओएच्या आत (एक एमओए म्हणजे १०० यार्डांवर साधारण एक इंच). खूश होऊन तोच लोड ठरवला. परवा सगळं पुन्हा केलं तर सपाट जागा दुसऱ्या-तिसऱ्या पायरीला, आणि ठरवलेला लोड जेमतेम एक एमओए. पावडर उष्णतेला फारशी दाद न देणारी म्हणून ओळखली जाते, लॉटही (कारखान्यातली खेप) तोच. मग बदललं काय? तीनचार वेळा भरून ब्रासची मान कडक झाली असेल? अ‍ॅनीलिंगचं मशीन (मान तापवून पुन्हा मऊ करणारं) घ्यावं का? की पावडर सोडून आधी सीटिंग डेप्थच्या (बुलेट किती खोल बसवायची त्याच्या) मागे लागू? स्थानिक १००० यार्डच्या मॅचमध्ये उतरायचं आहे.

गणिती_गोम

तात्या, मला वाटतं काहीच बदललेलं नाही.

तुमचेच आकडे घेऊ. या काडतुसात ०.३ ग्रेनने वेग साधारण १५ ते २० फूट प्रति सेकंद वाढतो. एकेका गोळीच्या वेगाचा एसडी (प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा फैलाव) १० धरा. तीन गोळ्यांच्या सरासरीत तो सहाच्या आसपास येतो आणि दोन पायऱ्यांच्या सरासरीतल्या फरकात आठच्या पुढे. म्हणजे १५ची वाढ कधी ५ दिसेल, कधी २५. पायऱ्या बऱ्याच असल्या की कुठेतरी एक जोडी सपाट दिसणारच, आणि पुढच्या वेळी ती दुसरीकडे दिसणार. ‘नोड’ म्हणून आपण बहुतेक वेळा हाच योगायोग पूजतो.

ग्रुपचंही तेच. खऱ्या क्षमतेत काही बदल नसताना त्याच रायफलीचा पाचचा ग्रुप सरासरीने तीनच्या ग्रुपपेक्षा सव्वापट मोठा येतो, दहाचा दीडपटीहून मोठा. तीनचा अर्धा एमओए ऐकला की मी मनात पाऊण लिहितो.

वेगाच्या एसडीवर तर मुळीच भाळू नका. पाच गोळ्यांवर एसडी ८ आला, तर ९५ टक्के खात्रीने इतकंच म्हणता येतं की खरा आकडा ५ ते २३च्या मधे कुठेतरी आहे. वीस गोळ्यांवर ८ आला तर ६ ते १२. हा सगळा हिशोब यंत्र आणि शूटर अगदी तसेच राहिले असं धरून. वारा, तापलेली नळी, थकलेला खांदा हे वेगळंच.

बोल्ट_बंद

गणितीशी बहुतेक सहमत, पण एका बाबतीत नाही. काही बदल खरे असतात आणि ते दिसतात. बुलेट बदला, पावडर बदला, फरक वीस गोळ्यांत समोर येतो. आपण खेळतो ते ०.१ ग्रेन आणि दोन हजारांश इंचाशी, तिथे फरक असलाच तरी तो हाती लागायला नळी झिजवावी लागेल.

मी अ‍ॅरिझोनात आहे, बॅरल बदलण्यात पैसे घालून शिकलोय. माझी पद्धत कंटाळवाणी आहे. तक्त्यातल्या सुरुवातीच्या वजनापासून वर जायचं, प्रत्येक पायरीला एक गोळी, फक्त प्रेशरची चिन्हं बघायला. बोल्ट जड उघडू लागला किंवा केसच्या तळाला इजेक्टरचा (केस बाहेर फेकणाऱ्या खिट्टीचा) चकचकीत ठसा दिसला की थांबायचं आणि चांगलं खाली यायचं. तक्त्याची कमाल मर्यादा त्याआधी आली तर तिथेच थांबायचं. खाली एक सोयीचा वेग पकडायचा आणि त्याच एका लोडच्या दहा-दहा गोळ्यांचे दोन ग्रुप मारायचे. पाऊण ते एक एमओएच्या आत बसले तर लोड झाला. नाही बसले तर बुलेट बदलायची, दशांश ग्रेन कुरतडत बसायचं नाही.

अ‍ॅनीलिंगने ब्रास जास्त टिकते आणि मानेची पकड एकसारखी राहते, म्हणून मी करतो. पण तुमचा ‘हरवलेला नोड’ त्याने परत येणार नाही. पैसे आधी चांगल्या तराजूला द्या. साधा डिजिटल काटा ०.१ ग्रेन इकडेतिकडे करतो आणि तेवढ्यात वेग पाचसहा फुटांनी हलतो.

टेक्सासचा_तात्या

काटा साधाच आहे. पण १००० यार्डांवर एसडीला महत्त्व नाही असं कसं म्हणायचं? उभा फैलाव त्यानेच होतो ना?

गणिती_गोम

होतो, पण किती ते बघा. तुमच्या बुलेटला १००० यार्डांवर १० फूट प्रति सेकंदाच्या फरकाने साधारण ३ इंच उंची बदलते. ताशी एकाच मैलाचा आडवा वारा चुकीचा वाचला तर ६-७ इंच. एसडी १०चा ८ करायला हिवाळा घालवाल, आणि मॅचच्या दिवशी वाऱ्याच्या झेंड्याकडे बघायचं राहून जाईल.

करवीर_पन्नास_मीटर

मी कोल्हापूरचा, .२२वाला. आमच्याकडे हा वादच नाही, कारण रिमफायर काडतूस पुन्हा भरता येत नाही. प्राइमिंग केसच्या कडेतच असतं. म्हणून आम्ही लोड नव्हे, लॉट शोधतो. जर्मनीत लापुआच्या आणि इंग्लंडमध्ये एलीच्या टेस्ट रेंजवर रायफल शिकंज्यात बांधून वेगवेगळे लॉट मारून बघतात, दहा-दहाचे ग्रुप एकावर एक ठेवतात आणि सगळा मिळून गोल किती होतो ते पाहतात. एक देखणा ग्रुप दाखवून तिथे कोणी लॉट विकत घेत नाही. ५० मीटरला दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिमीचं, तेव्हा लाड चालत नाहीत. २०२४ला पॅरिसला आमच्या स्वप्नील कुसाळेचं ब्राँझ आलं तेव्हापासून इथल्या पोरांनाही ‘लॉट टेस्टिंग’ हा शब्द पाठ झालाय, परवडणं वेगळी गोष्ट.

तात्या, तुम्हीही जुने-नवे सगळे ग्रुप एकाच कागदावर मध्यबिंदू जुळवून एकत्र काढा ना. नवीन गोळी न उडवता उत्तर मिळेल.

टेक्सासचा_तात्या

काढले. दोन्ही वेळच्या सगळ्या पायऱ्या ट्रेसिंग पेपरवर रंग बदलून. कुठला रंग कुठला, वरून सांगता येत नाही! लोड खालच्या बाजूचा ठेवतो आणि दहाचे ग्रुप मारतो. एकच शंका: दहा गोळ्या सलग मारल्या तर नळी तापून ग्रुप पसरला असं होणार नाही का?

बोल्ट_बंद

मॅचमध्ये जितक्या वेगाने मारता तितक्याच वेगाने मारा. तापलेल्या नळीतून सरकणारा ग्रुप तुम्हाला मॅचमध्येही भेटणारच, तर तो आत्ताच कागदावर दिसू दे. फक्त शेवटची गोळी तापलेल्या चेंबरमध्ये भरून गप्पा मारत बसू नका, पावडर गरम होते आणि वेग चढतो.