सांगलीच्या जुन्या पेठांतून छायाचित्रकाराबरोबर पायी फेरी: सल्ला हवा आहे

वारणेची लेक

सर्वांना नमस्कार. माझे माहेर सांगलीचे, गावभागातले. लग्नानंतर नागपूरकर झाले. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सासू-सासरे, यजमान आणि आठ वर्षांची मुलगी अशा सगळ्यांना घेऊन सांगलीला येत आहे. सासरच्या मंडळींनी सांगली आजवर फक्त लग्नापुरती, म्हणजे स्टेशन ते मंगल कार्यालय एवढीच पाहिलेली आहे.

मागे उदयपूरला गेलो असताना आम्ही एका छायाचित्रकाराबरोबर जुन्या शहरातून पायी फिरलो होतो. तो ठरलेल्या चौकात भेटला, गल्लीबोळांतून नेत कोठे उभे राहायचे, कोणीकडे पाहायचे हे सांगत त्याने फोटो काढले आणि नंतर निवडक फोटो नीटनेटके करून पाठवले. एरवी आमच्या सहलींच्या फोटोंत यजमान कधीच नसतात, कारण कॅमेरा त्यांच्याच हातात असतो; त्या एका सहलीत तेवढे ते सापडतात. तसेच काही सांगलीत करता यावे अशी इच्छा आहे.

गाव मला पाठ आहे, परंतु कोणत्या वेळी कोठे उजेड चांगला पडतो हे मला सांगता येणार नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे पायऱ्या जपूनच चढाव्या-उतराव्या लागतील. मुलगी कॅमेरा दिसला की आजोबांच्या मागे लपते. अशा कुटुंबासाठी मार्ग कोणता घ्यावा, वेळ कोणती धरावी आणि छायाचित्रकाराशी आधी काय काय ठरवून घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

घाटावरचा

ताई, पर्यटकांसाठी बांधून ठेवलेली अशी सोय आपल्याकडे उदयपूरसारखी रुळलेली नाही. मात्र प्री-वेडिंगची कामे करणारे छायाचित्रकार सांगली-मिरजेत भरपूर आहेत, आणि त्यांच्यापैकीच एखाद्याला दोन तासांसाठी ठरवणे हा सरळ मार्ग आहे. वाट दाखवायला आपण स्वतः समर्थ आहात. त्याने फक्त उजेड आणि माणसे सांभाळायची.

उजेडाचे गणित आपल्या गावापुरते असे आहे. कृष्णा गावाच्या पश्चिमेला, म्हणजे सूर्य गावाच्या पाठीमागून उगवतो आणि पलीकडे सांगलीवाडीच्या अंगाला मावळतो. सरकारी घाटावर नदीकडे पाठ करून उभे राहिलात तर संध्याकाळी सूर्य तुमच्या मागे येतो. आकाश सुंदर दिसते, पण चेहरे काळे पडतात. सकाळी हेच उलट होते. डिसेंबरअखेर सूर्योदय सातच्या सुमारास होतो. तेव्हा गावाकडची उंच बाजू आणि झाडे यांमुळे घाट काही काळ सावलीतच असतो, आणि पलीकडचा काठ मात्र पिवळसर उन्हात आलेला असतो. या सावलीत चेहऱ्यावर कडक छाया पडत नाहीत आणि कोणाला डोळेही मिचकावावे लागत नाहीत. थंडी चांगली असेल तर पाण्यावर धुके असते. ते ऊन चढले की पाहता पाहता विरते, म्हणून उशीर करू नये.

आयर्विन पूल फोटोत हवाच असेल, आणि तो हवाच. 1929 साली व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते उघडलेल्या या पुलाच्या दगडी कमानी घाटावरून जितक्या देखण्या दिसतात तितक्या पुलावर उभे राहून दिसत नाहीत. पुलावर वाहने असतात. लहान मूल आणि वयस्क माणसे घेऊन तेथे कठड्याला टेकून उभे राहण्यात मला अर्थ दिसत नाही. शेजारचा नवा पूल चौकटीत शिरू नये असा कोन छायाचित्रकाराने आदल्या दिवशी शोधून ठेवलेला बरा.

घाटावरून गणपती मंदिर. सासरच्यांना सांगण्यासारखे पुष्कळ आहे. थोरले चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी 1814 साली बांधकाम सुरू केले, 1844 साली प्रतिष्ठापना झाली, आणि दगड आणला तो जोतिबाच्या डोंगराचा. आवारात गणपतीबरोबर चिंतामणेश्वर, चिंतामणेश्वरी, सूर्य आणि लक्ष्मीनारायण असे पंचायतन आहे. गाभाऱ्याकडे कॅमेरा वळवू नये, आणि आवारात मोठा कॅमेरा चालेल का हे कार्यालयात आधी विचारावे. मोबाइलकडे लोक काणाडोळा करतात, ट्रायपॉडकडे करत नाहीत.

पुढे गणपती पेठ, सराफ कट्टा आणि कापड पेठ. दुकाने साधारण दहाच्या पुढे उघडतात. त्याआधी गेलात तर रस्ता मोकळा मिळेल, पण मागे शटरे येतील. उघडल्यावर गेलात तर रंग मिळेल आणि दुचाक्याही मिळतील. माझे मत विचाराल तर एका बाजूचे शटर वर जात असते, दुकानदार पायरीवर पाणी मारून उदबत्ती लावत असतो, ती वेळ साधावी. तिथून आपल्या माहेरी गावभागात शिरून एखाद्या जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजात शेवटचा फोटो घ्यावा. हरिपूर मात्र याच फेरीत कोंबू नये. कृष्णा-वारणेचा संगम आणि संगमेश्वराचे देऊळ सुंदर आहे, पण त्यासाठी वेगळी दुपार काढावी.

दिवाकर स्टुडिओवाला

मी मिरजेचा, लग्नाचे फोटो हाच व्यवसाय. वर लिहिलेल्या मार्गाशी पूर्ण सहमत आहे. तीन ठिकाणे पुरेत. दहा ठिकाणे ठरवणाऱ्या कुटुंबाचे फोटो चालण्यातच संपतात.

वेळ आपण नकळत चांगली निवडली आहे. तुळशीचे लग्न झाले की आमची धावपळ सुरू होते, परंतु डिसेंबरच्या मध्यानंतर धनुर्मासात मुहूर्त कमी असतात आणि चांगले छायाचित्रकार मोकळे सापडतात. त्यातही रविवार टाळून मधला वार घेतलात तर घाटावर आणि देवळात गर्दी कमी राहील.

छायाचित्रकार निवडताना त्याच्या इन्स्टाग्रामवरचे निवडक फोटो पाहून थांबू नका. एकाच कुटुंबाचा किंवा एकाच कार्यक्रमाचा संपूर्ण अल्बम मागा, आणि त्यात म्हातारी माणसे व मुले कशी आली आहेत ते पाहा. नवरा-नवरीला हसवणे सोपे असते. कॅमेऱ्यासमोर ताठ होणाऱ्या आजोबांना सैल करणे हे खरे काम आहे. दुसरे, गल्लीत सहा माणसे एका चौकटीत बसवायची म्हणून जो अगदी वाइड लेन्स लावून जवळ येतो, त्याच्या फोटोत कडेच्या माणसाचा चेहरा ताणला जातो. त्यापेक्षा दोन पावले मागे जाऊन 35 मिलिमीटरच्या लेन्सवर काढणारा, आणि एकेकट्यासाठी 85 मिलिमीटरची लेन्स वापरणारा मनुष्य बरा.

गणपती मंदिराविषयी एक गोष्ट धंद्यातली आहे म्हणून सांगतो. काळ्या दगडासमोर माणूस उभा केला की कॅमेरा गडद भाग पाहून फोटो जास्त उजळ करतो. दगड राखाडी होतो आणि चेहऱ्यावरचा, विशेषतः पांढऱ्या सदऱ्यावरचा, तपशील उडून जातो. छायाचित्रकाराने उजेड मुद्दाम थोडा कमी ठेवावा लागतो. म्हणून सासऱ्यांना शुभ्र पांढऱ्याऐवजी मोतिया, बदामी किंवा फिका निळा सदरा घालायला सांगा. बायकांना गडद लाल, मोरपंखी, हळदी रंग त्या दगडावर उठून दिसतात. सगळ्यांनी एकाच रंगाचे कपडे घालण्याची जी पद्धत निघाली आहे ती मला स्वतःला बँडपथकाची आठवण करून देते, पण हौसेला मोल नाही.

मुलीसाठी तोडगा असा की पहिली दहा-पंधरा मिनिटे तिचा फोटो काढूच नये. तिच्या हाती एखादे काम द्यावे. आजीची पिशवी धर, घाटाच्या पायऱ्या मोज, पुलाच्या कमानी मोज. मुलांना ‘हस’ म्हटले की ती दात दाखवतात, हसत नाहीत.

हळदीचा माणूस

एवढे येताच आहात तर बाजार समितीतले हळदीचे सौदे का वगळता? सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि हळदीच्या राशींसमोर काढलेला फोटो सांगलीबाहेर कोठे मिळणार?

दिवाकर स्टुडिओवाला

साहेब, राशींचा मोह मलाही आहे. परंतु डिसेंबरअखेर नव्या हळदीची आवक सुरू झालेली नसते, आणि मार्केट यार्ड पेठांपासून चालत जाण्याच्या अंतरावरही नाही. शिवाय राशीजवळ उभे राहिले की हळदीचा पिवळा उजेड खालून हनुवटीवर येतो आणि माणूस कावीळ झाल्यासारखा दिसतो. तो रंग नंतर संगणकावर काढू गेले की हळदही फिकी पडते. मार्चच्या सुमारास कोणी येणार असेल तर व्यापाऱ्याची परवानगी घेऊन, राशीपासून थोडे दूर उभे राहून फोटो जरूर काढावा.

अ‍ॅडव्होकेट वहिनी

आधी काय ठरवून घ्यावे, या प्रश्नाला कोणी हात घातलेला दिसत नाही, म्हणून लिहिते. आपल्याकडील 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, एखाद्याच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार, उलट करार नसेल तर, फोटो काढून घेणारी व्यक्ती असते. ‘उलट करार नसेल तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण अनेक छायाचित्रकारांच्या छापील अटींत नेमके उलटच लिहिलेले असते आणि आगाऊ रक्कम देताना ते कोणी वाचत नाही.

स्टँप पेपरची गरज नाही; एक सविस्तर निरोप पाठवून त्यावर होकार घेतला तरी पुष्कळ काम होते. किती तास, किती संस्कारित फोटो, ते किती दिवसांत, न निवडलेले मूळ फोटो मिळणार की नाही, पाऊस किंवा आजारपणामुळे दिवस बदलला तर आगाऊ रकमेचे काय, आणि आपले फोटो तो स्वतःच्या जाहिरातीसाठी वापरणार का, एवढे त्यात असावे. मुलीचे फोटो समाजमाध्यमांवर टाकायचे नसतील तर तसे स्पष्ट लिहावे. ‘ते आपण नंतर बघू’ असे म्हणणाऱ्याला आगाऊ देऊ नये.

रस्त्यावरच्या माणसांचेही भान ठेवावे. भाजीवाल्या मावशींच्या टोपल्या पार्श्वभूमी म्हणून हव्या असतील तर आधी त्यांना विचारावे, आणि मेथीची एखादी जुडी घ्यावी. ड्रोन आणू का असे कोणी म्हणाले तर 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे नोंदणी आहे का एवढे विचारावे. बहुधा विषय तेथेच संपतो.

पेठेतला संध्याकाळवाला

सकाळचा एवढा गजर झाला, म्हणून थोडे विरुद्ध मत नोंदवतो. सूर्य मावळल्यानंतर आकाश गडद निळे होते तो अर्धा तास कापड पेठेत आणि सराफ कट्ट्यावर काढून पाहावा. दुकानांचे दिवे लागलेले असतात, त्यांचा उजेड दारातून तिरपा रस्त्यावर येतो, आणि शहर खरोखर राहते आहे असे वाटते. बंद शटरांपुढे उभे राहून काढलेल्या फोटोत गाव कसले दिसणार? चेहरे काळे येतील ही भीती घाटापुरती आहे. पेठेत दुकानाकडे तोंड करून उभे राहिले की प्रश्न मिटतो.

घाटावरचा

आपले म्हणणे पेठेपुरते मान्य. परंतु त्या अर्ध्या तासात पेठेतली गर्दी, हॉर्न आणि गुडघे दुखणाऱ्या आजी यांचा मेळ कसा घालायचा? दोघांचेच जोडपे असते तर मीही संध्याकाळच सुचवली असती.

वारणेची लेक

सर्वांचे मनापासून आभार. सकाळ नक्की केली. आता दोन शंका उरल्या आहेत. सासूबाई काठी वापरतात, आणि फोटोत काठी येऊ नये असा त्यांचा आग्रह असतो. घाटाच्या पायऱ्यांवर त्याचे काय करावे? आणि एक फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावायचा आहे, त्यासाठी छायाचित्रकाराला काय सांगून ठेवू?

दिवाकर स्टुडिओवाला

ताई, त्यांना पायऱ्या उतरवूच नका. वरच्या सपाट भागात कठड्यावर किंवा घरून आणलेल्या घडीच्या खुर्चीत बसवा, सासरे मागे उभे, मुलगी आजीच्या अंगाला टेकून. काठी खुर्चीमागे ठेवली की दिसत नाही आणि उठताना हाताशी राहते. पूल आणि नदी त्यांच्या मागे तितकीच छान येतात. खाली पायऱ्यांवर फक्त तुम्ही तिघे जा. देवळात चप्पल काढल्यावर दगड सकाळी गार लागतो, तेव्हा त्यांच्यासाठी पायमोजे बरोबर असू द्यावेत.

मोठ्या फोटोचे असे. 12 बाय 18 इंचांचा छाप 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, काढायचा तर साधारण 3600 बाय 5400 पिक्सेल लागतात. आजचे बहुतेक कॅमेरे एवढे देतात, पण व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो आणि भिंतीवर गेल्यावर चेहरे पुसट होतात. म्हणून पूर्ण आकाराच्या फाइली पेनड्राइव्हवर किंवा गुगल ड्राइव्हवर मागा, आणि हे वहिनींनी सांगितलेल्या निरोपातच लिहून टाका. भिंतीवरचा फोटो आडवा हवा की उभा, हेही आधीच सांगा. उभ्या फोटोचा आडवा करताना कोणाचे तरी पाय जातात.

धाग्यावर नावे आणि क्रमांक देणे योग्य नाही. माझ्या ओळखीच्या, सकाळी वेळेवर येणाऱ्या दोघांची नावे व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. दोघांकडूनही पूर्ण अल्बम मागवा आणि मगच दराचे बोला.