वॉर्डातली तुळशीची माळ

मनोरुग्णांच्या वॉर्डात नर्सनं देवाधर्माचा विषय काढूच नये, भ्रम वाढतात, असं इथल्या चर्चेत दोघांनी लिहिलंय. अकरा वर्षं पुण्यात याच वॉर्डात ड्युटी करतेय, म्हणून राहवलं नाही.

विषय आम्ही काढत नाही, पेशंटच काढतात. एक वारकरी आजोबा होते, नैराश्याचे. भरती करताना नाडी, पट्टा, दोरी सगळं काढून घेतात (गळफासाची भीती). त्यात तुळशीची माळही गेली. आजोबांनी जेवणच सोडलं. गळ्यात माळ नसताना ते अन्न घेत नाहीत, हे आमच्या डोक्यातच आलं नाही! मग माळ आमच्या टेबलाच्या खणात ठेवली. जेवणाच्या वेळी मी शेजारी बसायचे. ते माळ घालायचे, हरिपाठातला एखादा अभंग पुटपुटायचे, जेवायचे, माळ परत द्यायचे. वीस मिनिटांचं काम. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २० नुसार धार्मिक आचरणाची वाजवी सोय हा पेशंटचा हक्कच आहे.

आता भ्रमाचं. "विठ्ठल मला गोळ्या घेऊ नको म्हणतो" याला हो म्हणायचं नाही, वादही घालायचा नाही. "तो आवाज आला की भीती वाटते का?" एवढं विचारायचं आणि नोंद करायची.

उपासाचं मात्र नक्की विचारा. लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध) चालू असताना निर्जळी एकादशी किंवा रोजा धरला, तर अंगातलं पाणी कमी होऊन रक्तातली लिथियमची पातळी धोकादायक इतकी चढू शकते. मी तर भरतीच्या कागदावर कोपऱ्यात पेनानं 'उपास?' लिहूनच ठेवते.